नटावरची लाल रेघ

“पहिले आर्थिंग देख, मंग बल्बले गाया दे.”

हे त्याचं पेटंट वाक्य. आमची अहिराणी ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आधी अर्थिंग बघा, मग बल्बला शिव्या द्या. गाडीचा दिवा लागत नाही म्हणून तुम्ही घाबरून त्याच्याकडे गेलात, की तो उकिडवा बसायचा, बोटाच्या पेराने दिव्याच्या काचेशेजारी दोनदा टकटक करायचा आणि हे वाक्य बोलायचा. डॉक्टर छाती वाजवून बघतात तसं. मग काच न काढता, बल्बला हात न लावता, बोनेट उघडून आत एका काळ्या वायरीच्या मागे लागायचा. “करंट जास बरोबर,” म्हणायचा, “पन त्याले परत येवाले रस्ता पाहिजे ना! जो जास त्याले घर पाहिजे.”

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागात राहणाऱ्या तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी त्याला पाहिलंय. अनेकांनी त्याच्याकडून दिवे लावून घेतले आहेत. आणि नंतर जे त्याच्याबद्दल बोललं गेलं, तेही तुम्हीच बोललात. मी ऐकलंय. मी त्यात मान हलवली आहे. म्हणून हे लिहिताना मला तुमचाही राग येतो. पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिला नंबर कोणाचा, ते पुढे कळेल.

आम्ही त्याला मिस्तरी म्हणायचो. नाव होतं, पण ते मी इथे लिहिणार नाही. का, तेही शेवटी सांगेन.

मी कडोदऱ्याच्या एका लूम कारखान्यात गाड्यांचा सुपरवायझर होतो. कामगारांची ने-आण करायला शेठच्या पाच गाड्या होत्या, प्रत्येकीत दहा माणसं बसतील अशा. कोणती गाडी कुठे जाणार, कोण चालवणार, कधी दुरुस्तीला लागणार, सगळं माझ्या हातात. मिस्तरी आठवड्यातून दोनदा अंगणात येऊन पाचही गाड्यांचं वायरिंग बघायचा. मी धुळ्याकडचा, तो शिरपूरकडचा. मला आप्पा म्हणायचा.

त्याची एक सवय होती. नट आवळून झाला की खिशातून नेलपॉलिशची बाटली काढायचा. बायकोची, लाल. नटावरून खालच्या पत्र्यावर जाईल अशी एक बारीक रेघ ओढायचा. नट कोणी हलवला, तर रेघ तुटणार. अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर. त्यावरून त्याला कळणार की आपल्यानंतर इथे कोणाचा तरी हात लागला. पण नटावर ब्रश टेकवण्याआधी रंग वाळलाय की ओला आहे, ते तो डाव्या अंगठ्याच्या नखावर ओढून बघायचा. त्यामुळे त्याचं ते एक नख कायम लाल.

कामगार बाया त्याला सोडायच्या नाहीत. “मिस्तरी, आज कोनं लगन शे?”

“मन्हं आनि नटनं,” तो म्हणायचा. “लगननी गाठ मारी दिधी. आते सोडी दखाडा कोनी!”

बाया हसायच्या. तो हसायचा नाही. त्याच्यासाठी ती गंमत नव्हती. एकदा मी विचारलं, “एवढं कशाला रे? नट आवळला म्हणजे आवळला.” तर म्हणाला, “आप्पा, मानूस विसरस. रेघ विसरत नही. मी मन्हावर भरोसा ठेवत नही, रेघवर ठेवस.”

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या तर छातीत रुतून बसलंय.

आता लिंबाची गोष्ट.

शेठची सक्त ताकीद होती की दर शनिवारी प्रत्येक गाडीला नवं लिंबू-मिरची लागलं पाहिजे. बंपरला बांधलं की हायवेच्या वाऱ्यात मंगळवारपर्यंत दोरा तुटायचा. आणि आमच्या गल्लीत दोन शेळ्या अशा होत्या की त्यांना लिंबू, मिरची, नजर, काहीच वर्ज्य नव्हतं. गाडीवर लिंबू दिसलं नाही की शेठ माझ्यावर उखडायचे. “लिंबू क्यां गयुं?” सगळ्यांसमोर.

मग मी डोकं चालवलं. बोनेटच्या आत, पुढच्या पत्र्यावर एक बोल्ट होता. त्याचा नट सैल करायचा, दोरा त्याखाली घालायचा, नट परत आवळायचा. लिंबू आतच लटकणार. वाऱ्याची भीती नाही, शेळीची नाही. शेठ खूश. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. बाकीच्या गाड्यांनाही तसंच केलं.

तो बोल्ट दिव्यांच्या अर्थिंगचा होता. मला ते माहीत नव्हतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सुरुवातीला माहीत नव्हतं. नंतर झालं.

कारण एका गुरुवारी एका गाडीचे दोन्ही दिवे लागेनात. ड्रायव्हरने नवे बल्ब घातले, लागेनात. फ्यूज बदलला, लागेनात. मिस्तरी आला, टकटक केली, बोनेट उघडलं. मग मला हाक मारली.

“आप्पा, हाई कोनी बांधं?”

लिंबू आतल्या उष्णतेने पिळवटून काळं पडलं होतं. त्याचा रस ठिबकून बोल्टवर हिरवी बुरशी चढली होती, वायरीचं तांब्याचं टोक खाऊन निम्मं झालं होतं.

“शेठचं काम,” मी म्हणालो. शेठने लिंबू सांगितलं होतं. बोल्ट मी शोधला होता. पण तेवढा फरक मी गिळला.

मिस्तरीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “लिंबू गाडीले नजरपासून वाचाडस. पन गाडीले लिंबूपासून कोन वाचाडी?”

त्याने पाचही गाड्यांची बोनेटं उघडली. पाचही लिंबं काढली. बोल्ट पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले, वायरींना नवी टोकं लावली, नट आवळले. पाच लाल रेघा ओढल्या. लिंबं नव्या दोऱ्याने बाहेर बंपरला बांधून दिली, आणि जाताना मला बोनेटपाशी नेऊन बोट दाखवून सांगितलं, “आप्पा, या नटले हात लावू नका. दोन्ही दिवा याना जीववर शेतस. हाई सुटनं का गाडी आंधयी.”

मी हो म्हणालो. अगदी स्पष्ट हो म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी पाच-साडेपाचला एक गाडी आठ कामगारांना घेऊन बारडोलीच्या बाजूला निघायची होती. ड्रायव्हर सीटवर बसलेला. तो मिस्तरीच्या गावचा, त्याच्याच गल्लीत राहणारा, सख्ख्या भावासारखा. तेवढ्यात शेठ अंगणात आले आणि बंपरकडे बघून ओरडले. दोरा होता, लिंबू नव्हतं. शेळी म्हणा, वारा म्हणा. शेठ मला बाया-माणसांसमोर वाट्टेल ते बोलले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला लिंबावरून.

मी तणतणत नवं लिंबू घेतलं, बोनेट उघडलं आणि त्याच बोल्टला हात घातला. दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचा पाना मागून नट सैल केला, दोरा खाली घातला आणि नट बोटांनी फिरवून बसवला. पाना तेवढ्यात त्या ड्रायव्हरने परत नेला होता. दुसरा पाना शेडमध्ये होता. शेड दहा पावलांवर. गाडी हॉर्न मारत होती, शेठ बघत होते. मी बोटांनी जेवढा आवळता आला तेवढा आवळला आणि बोनेट खाली आपटलं.

दहा पावलं. मी नंतर ती मोजली. अनेकदा मोजली.

डिसेंबरचा दिवस, सहा वाजताच अंधारून आलेलं. बारडोलीच्या रस्त्यावर उसाने भरलेली ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी. ड्रायव्हर सांगतो, दिवे एकदा फडफडले, परत लागले, मग दोन्ही एकदम गेले. ब्रेक दाबेपर्यंत ट्रॉली समोर. कामगारांना खरचटलं, एकीचा हात मोडला. ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडी रविवारी सकाळी ओढून अंगणात आणली. सगळ्यांच्या आधी मी पोचलो. वाकडं झालेलं बोनेट उचकटलं. लिंबू तिथेच होतं. नट दोन आट्यांवर लोंबत होता. आणि रेघ तुटलेली होती. अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर. बघणाऱ्याला लगेच कळलं असतं की मिस्तरीनंतर तिथे कोणाचा तरी हात लागला.

मी काय केलं ते लिहितो. मी लिंबू दोऱ्यासकट कुंपणापलीकडे भिरकावलं. थिनरमध्ये चिंधी बुडवली. कारखान्यात दोन्हींची कमी नव्हती. आणि दोन्हीकडची अर्धी-अर्धी रेघ पुसून टाकली. नट तसाच लोंबत ठेवला.

हे घाईत झालं नाही. घाबरून झालं असं म्हणून मी सुटू बघत होतो. पण मी कोपऱ्यातला रंग नखाने खरवडूनही काढला.

शेठ आले. “नट कोणे ढीलो राख्यो?”

“शेवटचा हात मिस्तरीचा,” मी म्हणालो. “गुरुवारी. त्यानेच लिंबू काढलं होतं.”

दुसरं वाक्य खरं होतं. म्हणून पहिलं खोटं कोणाला दिसलं नाही.

मिस्तरीला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा त्याला अपघाताचं कळलेलं होतं, दवाखान्यातूनच आला होता. कोणाशी न बोलता बोनेटपाशी वाकला. मला वाटलं आता ओरडेल, म्हणेल की मी आवळला होता. तो नटाकडे बघत होता. मग पत्र्याकडे. मग परत नटाकडे. बोट फिरवून बघितलं.

“रेघ नही,” तो म्हणाला.

त्याने पत्र्यावरून परत एकदा बोट फिरवलं.

“मी रेघ नही ओढी?”

त्याने डावा अंगठा वर धरला. नख लाल होतं. बराच वेळ त्या नखाकडे बघत राहिला. मी समोर उभा. माझ्या मनात आलं, आता याला कळेल. नख रंगलंय म्हणजे बाटली उघडली होती, म्हणजे रेघ ओढली होती. पण पाच गाड्या होत्या. चार रेघा जागेवर होत्या.

“बाकीनी गाडीनं व्हई,” तो हळूच म्हणाला. “हाई राही गयी. विसरी गयू मी.”

जो माणूस स्वतःवर भरोसा ठेवत नव्हता, रेघेवर ठेवत होता, त्याची रेघच मी पुसली. मला फक्त माझी नोकरी वाचवायची होती. वाचली. निवृत्त होताना मला शाल मिळाली, नारळ मिळाला, शेठ चार शब्द चांगले बोलले. ती शाल मी अजून अंगावर घेतलेली नाही, असं लिहिलं तर बरं दिसलं असतं. पण घेतली. हिवाळ्यात घेतो.

आता तुमच्याबद्दल. ट्रॉलीवाल्याला कोणी काही विचारलं नाही. शेठला नाही. मला नाही. तुम्ही काय म्हणालात? “लिंबू काढलं ना त्याने, मग व्हणारच.” नट राहिला बाजूला, लिंबू राहिलं डोक्यात! चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, तुमचं तेच. त्याने लिंबू का काढलं, हे एकानेही विचारलं नाही. त्याच्या हाताला अपशकुनी म्हणालात. ज्यांच्या गाड्यांचे दिवे त्याने भर पावसात रस्त्यावर बसून लावून दिले, त्यांनी त्याला गाडीला हात लावू दिला नाही.

ड्रायव्हरची आई त्याच्या दारात जाऊन बसली. गल्ली जमली होती, मीही होतो. “मन्हा पोरना पाय खादा तू!” ती कपाळ बडवत होती. मिस्तरी तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. ती थकून उठेपर्यंत उभा होता. त्या गर्दीत एकच माणूस असा होता, ज्याने तोंड उघडलं असतं तर ती बाई तिथून उठून माझ्या दारात आली असती. त्या माणसाने रुमालाने डोळे पुसले. लोकांना वाटलं, आप्पा किती हळवे.

महिन्याभरात मिस्तरीने पाने, टेस्ट लॅम्प, वायरींची वेटोळी, सगळं कोणाला तरी देऊन टाकलं आणि धंदा सोडला.

पाच-सहा वर्षं गेली. माझा भाचा इच्छापोरला एका कारखान्यात कामाला आहे. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी माझी जुनी गाडी घेऊन गेलो होतो. निघताना तिन्हीसांजा झाल्या. कारखान्याच्या गेटजवळ दिवे लावायला गेलो, तर लागेनात. देवाशपथ सांगतो, हे मी रचलेलं नाही. जुन्या गाडीचे दिवे जातातच, पण त्या गेटवर जायला नको होते.

गेटवरचा वॉचमन आला. गणवेश ढगळ, टोपी मोठी. “आप्पा?” म्हणाला.

मी खाली उतरलो. त्याने काचेशेजारी टकटक केली नाही. हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

“मिस्तरी, बघतोस का जरा?”

“मी हात लावत नही, आप्पा. मन्हा हातनी गॅरंटी नही. मी सांगस, तुम्ही करा.”

आणि तो सांगू लागला. फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडा, आत चित्र आहे, दिव्याचा फ्यूज काढा. तार जळाली आहे का? नाही? मग परत घाला. आता बटण दाबा, कट असा आवाज येतो का बोनेटमधून? येतो? मग रिले बरोबर आहे. बल्बच्या मागचा सॉकेट काढा, जळका वास येतो का? नाही ना? “मंग बल्बले गाया देऊ नका,” तो म्हणाला. आणि थांबला. अर्थिंगचं ते वाक्य त्याने म्हटलंच नाही.

त्याने केबिनमधून हातभर वायर आणली, पण माझ्या हातात दिली नाही, बोनेटवर ठेवली. तिचं एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकाला लावायला सांगितलं, दुसरं पत्र्यावरच्या बोल्टला. मी टेकवलं. दोन्ही दिवे भक्कन लागले. तो बरोबर समोर उभा होता. त्याने डोळ्यांवर हात धरला, डावा. अंगठ्याचं नख कोरं होतं.

“आते बोल्ट घासा. नट आवया. पाना शे ना? दोन डाव आवया. आवयीसन परत देखा.”

मी आवळला. दोनदा. माझे हात काळे झाले. मला वाटलं, आता. इथे कोणी नाही, शेठ नाही, गल्ली नाही.

“मिस्तरी,” मी म्हणालो, “त्या दिवशी त्या गाडीचं…”

“त्या दिवसनं राहू द्या, आप्पा.” तो घाईने म्हणाला, मला अवघड वाटू नये म्हणून. “मन्ही चूक व्हती. मी मानी लिधी. तुम्ही तरी कितला दिन मनले लाई लेशात?”

तो मला समजावत होता!

मी म्हणालो, “बरं.”

एवढंच. बरं. गाडीत बसलो आणि त्याने लावून दिलेल्या दिव्यांच्या उजेडात घरी आलो.

या वर्षी, गणपती उठल्यावर, तो गेला. छातीत दुखलं आणि गेला. मी अंत्ययात्रेला गेलो, खांदा दिला. लोक म्हणाले, आप्पांनी माणुसकी ठेवली. तेव्हा मात्र मला किळस आली.

आधी ड्रायव्हरकडे गेलो. डिंडोलीत त्याचं मोबाईल रिचार्जचं छोटं दुकान आहे. सगळं सांगितलं, लिंबू, बोटं, थिनर. त्याला शिव्या द्यायला जागा ठेवून बोललो. त्याने शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, “पाना कितला दूर व्हता?”

“दहा पावलं.”

त्याने काउंटरखाली स्वतःच्या पायाकडे बघितलं, मग माझ्या दोन्ही पायांकडे. मग म्हणाला, “जा आते. गिऱ्हाईक येतस.”

मिस्तरीच्या बायकोने मला बसायला सांगितलं नाही, मीही बसलो नाही. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, घरात गॅसचं बटण बंद केलं तरी ते मला हाक मारायचे, तू देखी ले. दाराला कडी लावली तरी, तू देखी ले. नातवाच्या सदऱ्याचं बटण लावलं तरी. “इतला वरीस मी देखत ऱ्हायनू,” ती म्हणणार असं मला वाटलं. पण ती रडली नाही, वाढवून काही बोलली नाही. तिचा आवाज चढला तो एकदाच.

“मले काय सांगतस? मले ठाऊक व्हतं ते विसरनारा नही. त्यासले सांगाले पाहिजे व्हतं!”

मी म्हणालो, लिहीन. छापून आणीन. सगळ्यांना कळेल.

“लिखा,” ती म्हणाली. “पन त्यासनं नाव लिखू नका. लोकेसनी त्यासनं नाव भलतं चघयी लिधं. तुम्हनं लिखा.”

म्हणून लिहितो. नट मिस्तरीने आवळला होता. रेघ त्याने ओढली होती. नट मी उघडला, रेघ मी पुसली. माझं नाव रामदास उखा सोनवणे, राहणार लिंबायत.

गेल्या आठवड्यात गाडीच्या बोनेटमध्ये बघितलं. इच्छापोरला आवळलेला तो नट अजून घट्ट आहे. त्यावर कसलीच खूण नाही.